गर्भाशय मागे झुकलेले असणे: अर्थ, कारणे आणि स्त्रीच्या आरोग्यावर होणारा परिणाम

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘युटेरस रेट्रोव्हर्टेड’ असे दोन शब्द दिसले की अनेक घरांत काळजी सुरू होते. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हललेला नसेल, तर या काळजीचे आरोपात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. ‘तिची पिशवीच उलटी आहे’ हे वाक्य सासरी आणि माहेरी फिरू लागते आणि एका साध्या वैद्यकीय नोंदीचा ठपका त्या स्त्रीवर बसतो.

प्रत्यक्षात या दोन शब्दांचा अर्थ एवढाच असतो की गर्भाशय पोटाच्या बाजूला पुढे झुकण्याऐवजी पाठीच्या कण्याकडे झुकलेले आहे. साधारण दर पाच स्त्रियांमागे एकीचे गर्भाशय असे असते. काही माणसे जशी जन्मतः डावखुरी असतात, तसाच हा शरीराच्या रचनेतला एक फरक आहे. बहुतेक स्त्रियांना त्याचा काहीही त्रास होत नाही आणि त्यामुळे मूल होण्यातही अडथळा येत नाही. मात्र काही वेळा गर्भाशय मागे झुकण्यामागे एखादा आजार असतो. अशा वेळी उपचार गर्भाशयाच्या दिशेवर न करता त्या आजारावर करावे लागतात.

गर्भाशय कुठे असते आणि कसे झुकते?

गर्भाशयाचा आकार देठ खाली धरलेल्या नासपतीसारखा असतो. प्रौढ स्त्रीमध्ये ते साधारण ७.५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २.५ सेंटिमीटर जाड असते. ओटीपोटात त्याच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय असते. वरचा रुंद भाग म्हणजे गर्भाशयाचा मुख्य भाग आणि खालचा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख, जे योनीत उघडते.

बहुतेक स्त्रियांमध्ये गर्भाशय पुढे झुकून मूत्राशयावर टेकलेले असते. याला ‘अँटेव्हर्टेड’ म्हणतात आणि रिपोर्टमध्ये ते थोडक्यात ‘एव्ही’ असे लिहितात. ते मागे, माकडहाडाच्या दिशेने झुकलेले असेल तर ‘रेट्रोव्हर्टेड’ किंवा ‘आरव्ही’. काही रिपोर्टवर ‘रेट्रोफ्लेक्स्ड’ असाही शब्द असतो. रेट्रोव्हर्टेड म्हणजे संपूर्ण गर्भाशय मागे कललेले आणि रेट्रोफ्लेक्स्ड म्हणजे गर्भाशयमुखाच्या वर गर्भाशयाचा भाग मागे वाकलेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

गर्भाशय एका जागी खिळ्याने ठोकलेले नसते. स्नायू आणि बंध यांच्या आधाराने ते जणू झुल्यात असते आणि थोडेफार हलते. मूत्राशय रिकामे असताना ते पुढे कलते, मूत्राशय भरले की मागे ढकलले जाते. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी प्यायला सांगतात. त्यामुळे त्या तपासणीत गर्भाशय सरळ किंवा किंचित मागे गेलेले दिसू शकते. एका रिपोर्टमध्ये ‘एव्ही’ आणि सहा महिन्यांनी दुसऱ्यात ‘आरव्ही’ आले, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

‘पिशवी उलटी आहे’ हा शब्दप्रयोग का फसवा आहे?

बोलीभाषेत ‘पिशवी उलटी’, ‘पिशवी सरकली’, ‘पिशवी खाली आली’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. वैद्यकीय दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

गर्भाशय मागे झुकलेले असणे: हा फक्त दिशेतला फरक. गर्भाशय आपल्या जागीच असते.

अंग बाहेर येणे: ओटीपोटाचे स्नायू आणि बंध सैल पडल्याने गर्भाशय योनीत खाली उतरते, कधी बाहेरही येते. खाली काहीतरी आल्यासारखे वाटणे, लघवीवर ताबा न राहणे, चालताना जडपणा जाणवणे अशी त्याची लक्षणे असतात. त्यावर उपचार लागतात.

गर्भाशय खरोखर उलटणे: बाळंतपणानंतर वार पडताना क्वचित गर्भाशय आतून बाहेर, पायमोजा उलटा करावा तसे उलटते. ही अत्यंत दुर्मीळ पण जिवावर बेतणारी स्थिती आहे आणि ती प्रसूतीच्या टेबलावरच लक्षात येते.

रेट्रोव्हर्टेड गर्भाशयाचा या शेवटच्या स्थितीशी काहीही संबंध नाही. म्हणून ‘उलटी’ म्हणण्यापेक्षा ‘मागे झुकलेले गर्भाशय’ म्हणणे अधिक बरोबर.

गर्भाशय मागे का झुकते?

जन्मजात रचना: सर्वाधिक आढळणारे कारण. यात कोणताही आजार नसतो आणि गर्भाशय सैलपणे हलू शकते.

बाळंतपण: गरोदरपणात ताणले गेलेले बंध प्रसूतीनंतर सैल राहिले तर आधी पुढे असलेले गर्भाशय मागे कलू शकते. क्वचित उलटही घडते, म्हणजे मागे असलेले गर्भाशय बाळंतपणानंतर पुढे येते.

पाळी जाण्याचा काळ: इस्ट्रोजेन कमी झाल्याने गर्भाशय आकसते, आधार देणाऱ्या ऊती कमकुवत होतात आणि दिशा बदलू शकते.

एंडोमेट्रिओसिस: गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढतात. त्यामुळे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात आणि गर्भाशय मागे ओढले जाऊन तिथेच जखडते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो.

ओटीपोटातील जंतुसंसर्ग: जुना किंवा उपचार न झालेला संसर्ग भरताना आत चिकटे तयार होतात. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही अशा चिकट्यांचे एक कारण आहे. खोकला नसला तरी तो असू शकतो. पाळी फारच कमी होणे आणि गर्भनलिका बंद होणे हे त्याचे परिणाम असू शकतात.

फायब्रॉइडच्या गाठी आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया: मोठी गाठ गर्भाशयाला एका बाजूला ढकलते. सिझेरियन किंवा पोटाच्या इतर शस्त्रक्रियेनंतर तयार झालेले चिकटे त्याला ओढून धरू शकतात.

जड उचलणे, सायकल चालवणे, पालथे झोपणे किंवा लग्नाआधी खेळात भाग घेणे यामुळे निरोगी मुलीचे गर्भाशय मागे वळते, या समजुतीला आधार नाही.

त्रास होतो का?

बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ही गोष्ट अचानक कळते. काहींना मात्र पुढील त्रास होऊ शकतो:

• शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे. गर्भाशय आणि कधी कधी बीजकोश योनीच्या मागच्या बाजूला आलेले असल्याने त्यांना धक्का लागतो. स्थिती बदलली, उदाहरणार्थ कुशीवर किंवा स्त्री वरच्या बाजूला असेल, तर अनेकींचा हा त्रास कमी होतो.
• पाळीच्या दिवसांत कंबर किंवा माकडहाडाजवळ दुखणे.
• टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप बसवताना अडचण येणे. गर्भाशयमुखाचा कोन वेगळा असल्याने दुसऱ्या आकाराचा कप किंवा बसवण्याची वेगळी दिशा वापरून पाहावी लागते.

पाळीचे रक्त ‘मागे साचून राहते’ असे समजण्याचे कारण नाही. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतात, त्यामुळे गर्भाशय कोणत्या दिशेला कलले आहे याने फरक पडत नाही.

कायमची कंबरदुखी असेल, तर तिचा दोष लगेच गर्भाशयाला देऊ नये. मणका, स्नायू, कामाची पद्धत, वजन अशी इतर कारणे कितीतरी जास्त वेळा सापडतात. आणि पाळी दर महिन्याला असह्य दुखत असेल, पाळीत शौचाला दुखत असेल किंवा शरीरसंबंधाचे दुखणे वाढत चालले असेल, तर ‘पिशवी मागे आहे, म्हणून दुखणारच’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. अशा वेळी एंडोमेट्रिओसिसची तपासणी व्हायला हवी.

मूल होण्यात अडथळा येतो का?

सैलपणे हलणाऱ्या, निरोगी, मागे झुकलेल्या गर्भाशयामुळे वंध्यत्व येत नाही. शुक्रजंतू योनीत पोचल्यावर स्वतःच्या हालचालीने आणि गर्भाशयाच्या आकुंचनाच्या मदतीने काही मिनिटांतच वर जाऊ लागतात. त्यांना उतार-चढ लागत नाही. संबंधानंतर थोडा द्रव बाहेर येणे सर्वच स्त्रियांमध्ये घडते. पाय वर करून झोपल्याने किंवा कमरेखाली उशी ठेवल्याने गर्भधारणेची शक्यता वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

मग अनेक डॉक्टरांच्या फायलींत वंध्यत्व आणि रेट्रोव्हर्टेड गर्भाशय एकत्र का दिसतात? कारण एंडोमेट्रिओसिस, जंतुसंसर्ग आणि क्षयरोग हे आजार दोन्ही गोष्टी घडवतात. ते गर्भाशय मागे ओढतात आणि गर्भनलिका व बीजकोशांनाही इजा करतात. गर्भ न राहण्याचे कारण ही इजा असते.

गर्भनिरोधक न वापरता एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच. ही तपासणी पती आणि पत्नी दोघांची हवी. वीर्यतपासणी स्वस्त असते, सोपी असते आणि एका दिवसात होते. अपत्य न होण्याच्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणांचा वाटा मोठा असतो. तरीही कित्येक घरांत पत्नीची सोनोग्राफी, नलिकांची तपासणी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रियाही उरकते, तेव्हा कुठे पती प्रयोगशाळेत जातो. ‘पिशवी उलटी’ या सबबीमुळे हा उशीर आणखी वाढतो आणि त्यात वयाची महत्त्वाची वर्षे निघून जातात.

गरोदरपण आणि बाळंतपण

दिवस राहिल्यानंतर सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मागे झुकलेल्या गर्भाशयातील गर्भ नीट दिसत नाही. ‘ठोके दिसत नाहीत’ असे ऐकून घाबरण्याआधी योनीमार्गे सोनोग्राफी झाली आहे का हे विचारावे. तिने गर्भाला इजा होत नाही आणि चित्र अधिक स्पष्ट मिळते.

गर्भ वाढू लागला की साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यातून वर उठते. त्यानंतर ते पुढे होते की मागे, याला महत्त्व उरत नाही. नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. केवळ गर्भाशय मागे झुकलेले होते म्हणून सिझेरियन करावे लागत नाही.

एक दुर्मीळ अपवाद मात्र लक्षात ठेवावा. सुमारे ३,००० गरोदरपणांत एखाद्या वेळी गर्भाशय वर न उठता माकडहाडाच्या खोबणीत अडकून बसते. तिसरा महिना संपून चौथा सुरू होताना लघवी अडखळणे, थेंब थेंब होणे किंवा पूर्ण तुंबणे, ओटीपोटात व कंबरेत दुखणे, शौचाला त्रास ही त्याची लक्षणे आहेत. गरोदर स्त्रीची लघवी तुंबली तर ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. नळीने मूत्राशय रिकामे करून, विशिष्ट स्थितीत झोपवून किंवा डॉक्टरांनी हाताने हलकेच ढकलून गर्भाशय बहुधा जागेवर येते आणि गरोदरपण पुढे सुरळीत चालू राहते.

तांबी, गर्भपात आणि इतर प्रक्रियांपूर्वी

गर्भाशयाची दिशा सर्वांत उपयोगी पडते ती डॉक्टरांना. तांबी बसवताना, गर्भपात किंवा क्युरेटिंग करताना, अस्तराचा तुकडा तपासणीसाठी घेताना किंवा आयव्हीएफमध्ये गर्भ आत सोडताना उपकरण गर्भाशयात न्यावे लागते. गर्भाशय पुढे आहे असे गृहीत धरून उपकरण चुकीच्या दिशेने ढकलले, तर भिंतीला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून अशा प्रत्येक प्रक्रियेआधी हाताने आतली तपासणी केली जाते. ज्या स्त्रीला आपले गर्भाशय मागे झुकलेले आहे हे ठाऊक आहे, तिने ते आधीच सांगून टाकावे. यामुळे तांबी बसवता येत नाही असे नाही. फक्त ती काळजीपूर्वक बसवावी लागते.

जुन्या काळी याला आजार का मानत?

एकोणिसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेत मागे झुकलेले गर्भाशय हा मोठा आजार समजला जाई. डोकेदुखी, थकवा, उदासपणा, वंध्यत्व अशा स्त्रियांच्या जवळपास प्रत्येक तक्रारीचे मूळ त्यात शोधले जाई. फिलाडेल्फियाचे प्रसूतितज्ज्ञ ह्यू लेनॉक्स हॉज यांनी गर्भाशय पुढे ठेवण्यासाठी वाकवलेली कडी, म्हणजे पेसरी, तयार केली. हॉज पेसरी हे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. १८८० च्या दशकात लिव्हरपूलच्या विल्यम अलेक्झांडर यांनी गर्भाशयाचे बंध आखूड करून ते पुढे ओढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि पुढे तिचे अनेक प्रकार निघाले. विसाव्या शतकात हळूहळू लक्षात आले की ज्यांना काहीही त्रास नाही अशा असंख्य स्त्रियांची गर्भाशयेही मागेच झुकलेली असतात आणि शस्त्रक्रियेनंतरही मूळ तक्रारी तशाच राहतात. मग या शस्त्रक्रिया मागे पडल्या. वैद्यकशास्त्राने सोडून दिलेली ती समजूत घराघरांतून मात्र अजून पूर्ण गेलेली नाही.

निदान आणि उपचार

निदान आतल्या तपासणीने किंवा सोनोग्राफीने होते. त्यात महत्त्वाचा प्रश्न असतो तो गर्भाशय हलते आहे की जखडलेले आहे, हा. हलणारे, न दुखणारे गर्भाशय म्हणजे रचनेतला फरक. हात लावल्यावर दुखणारे, न हलणारे गर्भाशय म्हणजे पुढील तपासणीची गरज. त्यासाठी योनीमार्गे सोनोग्राफी, गरजेप्रमाणे एमआरआय किंवा दुर्बिणीतून तपासणी केली जाते.

त्रास नसेल तर कोणताही उपचार लागत नाही. त्रास असेल तर मूळ कारणावर उपचार होतात: एंडोमेट्रिओसिससाठी वेदनाशामके, हार्मोनच्या गोळ्या किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया, संसर्गासाठी प्रतिजैविके, त्रासदायक फायब्रॉइडसाठी औषधे किंवा शस्त्रक्रिया, क्षयरोगासाठी पूर्ण मुदतीची औषधे, जी सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. गुडघे आणि छाती टेकवून करायच्या व्यायामाने सैल गर्भाशय तात्पुरते पुढे येऊ शकते, पण ते तिथेच राहील याची खात्री नसते. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम इतर कारणांसाठी चांगले असले तरी त्यांनी गर्भाशयाची दिशा बदलत नाही. पोट चोळून ‘पिशवी जागेवर बसवून’ देण्याचे उपाय टाळावेत. आत गाठ, सूज किंवा गर्भ असेल तर त्याने नुकसान होऊ शकते.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर

केवळ मागे झुकलेले आहे म्हणून गर्भाशय काढून टाकण्याची गरज नसते. हे ठामपणे सांगण्याचे कारण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या शस्त्रक्रियांमागे कामाची परिस्थिती, पाळीच्या तक्रारी आणि कर्करोगाची भीती अशी वेगवेगळी कारणे होती. पण ‘पिशवी खराब आहे, काढून टाका’ हे वाक्य किती सहज ऐकून घेतले जाते, हे त्यातून सर्वांसमोर आले. कमी वयात गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले तर पाळी अकाली जाते आणि हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून असा सल्ला मिळाल्यास नेमके निदान लेखी घ्यावे, दुसरा काही उपाय आहे का हे विचारावे आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• पाळीत काम बंद पडेल इतके दुखत असेल
• शरीरसंबंधात वारंवार खोलवर दुखत असेल
• पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखत असेल
• दुर्गंधीयुक्त स्राव, ताप आणि ओटीपोटात दुखणे एकत्र असेल
• पाळी फार जास्त किंवा अचानक फार कमी होऊ लागली असेल
• गरोदरपणात लघवी तुंबत असेल (तातडीने)

भेटीच्या वेळी तीन प्रश्न पुरेसे आहेत: गर्भाशय हलते आहे की चिकटलेले आहे? ते मागे असण्यामागे काही आजार दिसतो का? आणि माझ्या त्रासाचा त्याच्याशी खरोखर संबंध आहे का? ‘हलते आहे, आजार नाही, संबंध नाही’ अशी उत्तरे मिळाली, तर रिपोर्ट फाइलमध्ये ठेवावा आणि काळजी तिथेच सोडून द्यावी. शक्य असेल तर ही उत्तरे ऐकायला पतीला किंवा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सोबत न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरात लवकर पटते आणि तो ठपकाही तिथेच पुसला जातो.